जैविक दहशतवाद आणि रुग्णालयांच्या आपत्कालीन विभागांची सज्जता : एक चिकित्सक विचार

सारांश

जैविक अस्त्रांच्या संभाव्य वापराला तोंड देण्यासाठी रुग्णालयांचे आपत्कालीन विभाग सज्ज असावेत, ही अपेक्षा गेल्या शतकाच्या अखेरीपासून सातत्याने व्यक्त होत आली आहे. या अपेक्षेमागे असलेली सज्जतेची संकल्पना प्रस्तुत लेखात तपासली आहे. अमेरिकेतील २००० व २००१ मधील दोन सराव, १९८४, १९९५ व २००१ मधील प्रत्यक्ष हल्ले आणि भारतातील साथींचा अनुभव यांची तुलना केली असता असे दिसते की, सज्जतेची रूढ कल्पना साधनसामग्री आणि आज्ञाशृंखला यांभोवती फिरते. प्रत्यक्षात मात्र निर्णायक ठरतो तो पहिल्या रुग्णाला तपासणारा वैद्य, त्याच्या हाती असलेला वेळ आणि त्याच्यापर्यंत पोहोचलेली माहिती.

बीजशब्द : जैविक दहशतवाद, आपत्कालीन विभाग, अँथ्रॅक्स, रोगनिरीक्षण, रुग्णालयीन संसर्ग, सार्वजनिक आरोग्य.

१. प्रस्तावना

रोगजंतूंचा शस्त्र म्हणून वापर करण्यास १९२५ च्या जिनिव्हा शिष्टाचाराने मनाई केली. १९७२ मध्ये स्वाक्षरीसाठी खुला झालेला आणि १९७५ पासून अमलात आलेला जैविक अस्त्रविषयक करार त्याही पुढे गेला. अशा अस्त्रांची निर्मिती व साठवणूकही त्याने निषिद्ध ठरवली. तथापि करार राष्ट्रांना बांधतात. पंथांना, टोळ्यांना वा एकट्या माथेफिरूला बांधत नाहीत. त्यामुळे विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात या प्रश्नाची चर्चा युद्धशास्त्राच्या कक्षेतून बाहेर पडली आणि नागरी रुग्णालयांच्या दारापर्यंत येऊन पोहोचली.

अँथ्रॅक्स, प्लेग, देवी, बोट्युलिझम, ट्युलरेमिया आणि विषाणुजन्य रक्तस्रावी ताप हे रोग अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रांनी सर्वाधिक धोक्याच्या वर्गात ठेवले. या रोगांची लक्षणे, उपचार व प्रतिबंध यांवर विपुल लेखन झाले. त्यातील बहुतेक लेखन 'काय असावे' याची यादी देणारे आहे : विलगीकरण कक्ष असावा, संरक्षक पोशाख असावेत, प्रतिजैविकांचा साठा असावा, वर्षातून ठरावीक सराव व्हावेत. या याद्या चुकीच्या नाहीत. परंतु यादी म्हणजे विचार नव्हे. कोणत्या घटनेची कल्पना करून ती तयार झाली, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही, आणि तोच येथे महत्त्वाचा आहे.

२. सरावांची संहिता

सज्जतेची कल्पना सर्वांत स्पष्टपणे दिसते ती सरावांच्या संहितेत. मे २००० मध्ये अमेरिकेत 'टॉपऑफ' या नावाने मोठा सराव घेण्यात आला. त्यातील एका प्रसंगात डेन्व्हर शहरात प्लेगचे जंतू हवेत सोडण्यात आल्याचे कल्पिले होते. या सरावात रुग्णालयांचाही सहभाग होता. निर्णय मात्र पन्नासहून अधिक व्यक्ती एकाच वेळी सहभागी असलेल्या दूरध्वनी-बैठकांतून घेतले जात होते आणि ते वेळेत होत नव्हते. सराव संपला तेव्हा कल्पित मृतांच्या आकड्याविषयीदेखील एकवाक्यता नव्हती.

दुसरा सराव 'डार्क विंटर' या नावाने २२ व २३ जून २००१ रोजी अँड्र्यूज हवाई तळावर झाला. ओक्लाहोमा सिटीत देवीचे रुग्ण आढळतात, या कल्पनेपासून त्याची सुरुवात होती. माजी सिनेटर सॅम नन यांनी राष्ट्राध्यक्षांची भूमिका केली. ओक्लाहोमाचे तत्कालीन गव्हर्नर फ्रँक कीटिंग स्वतःच्याच भूमिकेत होते. लशीच्या केवळ १ कोटी २० लाख मात्रा उपलब्ध असल्याचे गृहीत होते. एका रुग्णापासून दहा जणांना संसर्ग होतो, हे गृहीतकही त्यात होते आणि ते अवाजवी असल्याची टीका पुढे तज्ज्ञांनी केली.

या सरावाचा राजकीय परिणाम मोठा होता, हे मान्य करावे लागते. सार्वजनिक आरोग्य हा राष्ट्रीय सुरक्षेचा भाग आहे, ही गोष्ट त्याने राज्यकर्त्यांच्या गळी उतरवली. मात्र संहिता म्हणून पाहिल्यास तिच्यातील एक उणीव लक्षात येते. कथानक सुरू होते तेव्हा रोगाचे नाव ठाऊक असते. पात्रे आहेत ती राष्ट्राध्यक्ष, सल्लागार, गव्हर्नर आणि पत्रकार यांची. ताप व अंगदुखी घेऊन रात्री दोन वाजता आलेला पहिला रुग्ण, आणि त्याच्या आधी चाळीस रुग्ण तपासून थकलेला डॉक्टर, यांना तेथे स्थान नाही. निदान ही या संहितेची पूर्वपीठिका आहे. वास्तवात मात्र निदान हाच संपूर्ण प्रसंगाचा कळीचा क्षण असतो.

३. प्रत्यक्ष घटनांची साक्ष

३.१ ओरेगॉन, १९८४

अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यातील द डॅलस या गावात सप्टेंबर व ऑक्टोबर १९८४ मध्ये ७५१ जणांना साल्मोनेला जंतूंमुळे आजार झाला. त्यांपैकी ४५ जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. मृत्यू कोणाचाही झाला नाही. पुण्यातील कोरेगाव पार्क सोडून १९८१ मध्ये अमेरिकेत गेलेल्या रजनीश यांच्या वसाहतीतील काही व्यक्तींनी उपाहारगृहांतील सॅलडमध्ये जंतू मिसळले होते. स्थानिक निवडणुकीवर प्रभाव टाकणे हा त्यामागचा हेतू होता. परंतु हे उघड झाले ते १९८५ मध्ये, वसाहतीतील अंतर्गत कलहानंतर. तोवर आरोग्य खात्याच्या तपासाने दोष उपाहारगृहांतील कर्मचाऱ्यांच्या अस्वच्छतेवर ठेवला होता.

या घटनेचा बोध दुहेरी आहे. रुग्णांवर उपचार करण्यासाठी हल्ला ओळखणे आवश्यक नव्हते. नेहमीची वैद्यकीय सेवा पुरेशी ठरली. दुसरीकडे, हल्ला हा हल्ल्यासारखा दिसतोच असे नाही. तो गावातल्या नेहमीच्या साथीसारखा दिसू शकतो, आणि त्याचा हेतू वैद्यकीय तपासणीत सापडत नाही.

३.२ टोकियो, १९९५

ओम शिनरिक्यो या पंथाने १९९३ मध्ये टोकियोच्या कामेइडो भागात अँथ्रॅक्सचे जंतू फवारले होते. वापरलेला जंतू लशीसाठी वापरला जाणारा निरुपद्रवी प्रकार असल्याने कोणीही आजारी पडले नाही. रहिवाशांनी दुर्गंधीची तक्रार तेवढी केली. त्याच पंथाने २० मार्च १९९५ रोजी भुयारी रेल्वेत सारिन हा विषारी वायू सोडला. सेंट ल्यूक्स या रुग्णालयात त्या एका दिवसात ६४० रुग्ण आले. बहुतेक जण रुग्णवाहिकेची वाट न पाहता मिळेल त्या मार्गाने पोहोचले. रुग्णालयाचे प्रार्थनागृहही उपचारासाठी वापरावे लागले. बाधितांचे कपडे उतरवून त्यांना स्वच्छ करण्याची व्यवस्था नसल्याने कर्मचाऱ्यांनाही त्रास झाला. आदल्या वर्षी मात्सुमोतो येथे सारिनचेच रुग्ण हाताळलेल्या एका डॉक्टरांनी दूरचित्रवाणीवरील बातमी पाहून टोकियोतील रुग्णालयांना स्वतःहून दूरध्वनी केला. कोणत्याही आराखड्यात नसलेला हा दूरध्वनी त्या दिवसाच्या सर्वांत उपयुक्त मदतींपैकी एक ठरला.

सज्जतेविषयीच्या पुष्कळ आराखड्यांवर या घटनेची छाप आहे. प्रवेशद्वाराबाहेरचे स्नानगृह, अंगभर पोशाख, रंगीत पट्ट्यांनी रुग्णांची वर्गवारी ही सारी टोकियोसारख्या प्रसंगाची उत्तरे आहेत. परंतु रासायनिक हल्ल्याचे रुग्ण तासाभरात, एकाच ठिकाणाहून, सारखी लक्षणे घेऊन येतात. जैविक हल्ल्याचे रुग्ण काही दिवसांनी, निरनिराळ्या रुग्णालयांत, एकेकटे आणि सामान्य तापाच्या रूपात येतात. एकासाठी गर्दी हाताळण्याचे कौशल्य लागते, तर दुसऱ्यासाठी गर्दीत एक वेगळा रुग्ण ओळखण्याचे. 'रासायनिक व जैविक' असा जोडशब्द वापरून केलेल्या आराखड्यांत हा मूलभूत भेद पुसला जातो.

३.३ अमेरिकेतील अँथ्रॅक्स, २००१

डार्क विंटरनंतर चार महिन्यांतच प्रत्यक्ष हल्ला झाला. टपालाने पाठवलेल्या अँथ्रॅक्सच्या पाकिटांमुळे २२ जण आजारी पडले आणि ५ जण दगावले. पहिला रुग्ण फ्लोरिडातील एका रुग्णालयात ताप व गोंधळलेल्या मनःस्थितीत आला. पाठीच्या मणक्यातून घेतलेल्या द्रवाच्या नमुन्यात दंडाकृती जंतू दिसताच संसर्गरोगतज्ज्ञाने अँथ्रॅक्सची शंका घेतली आणि राज्याच्या प्रयोगशाळेने तिला दुजोरा दिला. १९९९ मध्ये उभारलेल्या प्रयोगशाळांच्या जाळ्याचा येथे उपयोग झाला. म्हणजे पूर्वतयारी व्यर्थ गेली नाही. पण उपयोगी पडली ती दृश्य स्वरूपाची तयारी नव्हे, तर सूक्ष्मदर्शक, प्रशिक्षित तंत्रज्ञ आणि दूरध्वनी यांची.

याच्या उलट अनुभव वॉशिंग्टनच्या ब्रेंटवूड टपाल केंद्राचा. १५ ऑक्टोबर रोजी सिनेटर टॉम डॅशल यांच्या कार्यालयात पाकीट उघडले गेले. तेथील कर्मचाऱ्यांची तात्काळ तपासणी होऊन त्यांना प्रतिजैविके देण्यात आली. तेच पाकीट ज्या केंद्रातून गेले, तेथील कामगारांना मात्र धोका नसल्याचे सांगण्यात आले. बंद पाकिटातून जंतू बाहेर पडत नाहीत, असे गृहीत होते. केंद्र बंद झाले ते २१ ऑक्टोबर रोजी. तेथील दोन कामगार २१ व २२ ऑक्टोबरला मरण पावले. त्यांपैकी एकजण आदल्या दिवशी आपत्कालीन विभागात येऊन गेला होता. त्याला घरी पाठवण्यात आले होते. त्याच सुमारास व्हर्जिनियातील दुसऱ्या एका आपत्कालीन विभागात आलेल्या टपाल कामगाराने आपण कोठे काम करतो हे सांगितले. डॉक्टरने ते गंभीरपणे घेतले, रक्तसंवर्धन व सीटी स्कॅन करवून घेतले, आणि तो रुग्ण वाचला.

या दोन रुग्णांमधील अंतर विलगीकरण कक्षाचे वा पोशाखाचे नव्हते. एका ठिकाणी व्यवसायाच्या माहितीला अर्थ प्राप्त झाला, दुसऱ्या ठिकाणी झाला नाही. याचा सर्व दोष तपासणाऱ्या डॉक्टरवर टाकणे अन्यायाचे होईल. टपाल केंद्र सुरक्षित असल्याचे वरिष्ठ यंत्रणाच सांगत असेल, तर 'मी टपालात काम करतो' या वाक्याचा अर्थ त्याने कसा लावावा? आपत्कालीन विभागाची सज्जता ही त्या विभागाच्या चार भिंतींत मावणारी गोष्ट नाही, हे यातून सिद्ध होते. शिवाय सिनेटच्या कर्मचाऱ्यांना आणि टपाल कामगारांना मिळालेल्या वागणुकीतील भेद हा केवळ वैद्यकीय प्रश्न राहत नाही. तो न्यायाचाही प्रश्न होतो.

या प्रकरणाच्या शेवटाचीही नोंद घेणे इष्ट ठरेल. अमेरिकी तपासयंत्रणेने २०१० मध्ये हा तपास बंद केला. हल्लेखोर म्हणून लष्कराच्याच जैवसंशोधन संस्थेतील ब्रूस आयव्हिन्स या शास्त्रज्ञाचे नाव तिने निश्चित केले होते. त्याचा २००८ मध्ये मृत्यू झाला होता. केवळ वैज्ञानिक पुराव्यावरून हा निष्कर्ष ठामपणे काढता येत नाही, असे राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीने २०११ मध्ये नोंदवले.

४. खर्चाची दिशा

२००१ नंतर अमेरिकेत या कामासाठी मोठ्या प्रमाणावर निधी उपलब्ध झाला. २००२ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा झाला आणि रुग्णालयांच्या सज्जतेचा कार्यक्रम सुरू झाला. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये देवीच्या लसीकरणाची मोहीम जाहीर करण्यात आली. सुमारे ५ लाख आरोग्यसेवकांना लस देण्याचे उद्दिष्ट होते. प्रत्यक्षात ४० हजारांहून कमी जणांनी ती घेतली. हृदयावरील दुष्परिणाम, नुकसानभरपाईची अनिश्चितता आणि धोक्याविषयीचा अविश्वास ही त्याची कारणे होती. ज्यांच्या खांद्यावर योजना उभी राहायची, त्यांचाच विश्वास संपादन करायचे राहून गेले.

आपत्कालीन सेवेची दैनंदिन स्थिती याच काळात कशी होती, हे अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालांतून दिसते. खाटा रिकाम्या नसल्याने रुग्ण व्हरांड्यात ताटकळत होते, आणि २००३ या एका वर्षात सुमारे ५ लाख वेळा रुग्णवाहिका दुसऱ्या रुग्णालयाकडे वळवाव्या लागल्या होत्या. जो विभाग सोमवारच्या नेहमीच्या गर्दीला पुरा पडत नाही, तो असाधारण प्रसंगासाठी सज्ज आहे असे म्हणणे हा शब्दांचा खेळ ठरतो.

संगणकीय रोगनिरीक्षणाविषयीही असेच म्हणावे लागते. आपत्कालीन विभागात नोंदल्या जाणाऱ्या तक्रारींचे एकत्रित विश्लेषण करून साथीची चाहूल घेणाऱ्या प्रणाली २००१ नंतर वेगाने पसरल्या. फ्लूच्या हंगामाचा मागोवा घेण्यास त्या उपयुक्त आहेत. परंतु अशा प्रणालीला संकेत मिळण्यासाठी संख्या लागते. विस्तीर्ण प्रदेशात विखुरलेल्या २२ रुग्णांची संख्या नेहमीच्या चढउतारात सहज हरवून जाते.

५. भारतीय संदर्भ

भारताच्या दृष्टीने या प्रश्नाचा इतिहास मुंबईतून सुरू होतो. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागातील रुग्णांना प्लेग झाला असल्याचे निदान मूळचे गोमंतकीय असलेल्या डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस यांनी केले. प्रारंभी त्यावर शंका घेण्यात आली. नंतर तज्ज्ञांनी ते खरे ठरवले. वस्तीत रोज रुग्ण पाहणाऱ्या वैद्याची नजर हीच पहिली रोगनिरीक्षण यंत्रणा होती. शासनाचे उत्तर मात्र १८९७ च्या साथरोग कायद्याच्या रूपाने आले. त्याचा भर अधिकारांवर होता. वैद्य व यंत्रणा यांच्यातील संवादावर नव्हता. पुण्यातील प्लेगच्या बंदोबस्ताच्या काळात झालेल्या जुलमाची आठवण महाराष्ट्राला आहेच.

सुमारे शंभर वर्षांनी, ऑगस्ट १९९४ मध्ये, बीड जिल्ह्यातील मामला गावी गाठीच्या प्लेगचे आणि सप्टेंबरमध्ये सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगचे रुग्ण आढळले. सुरतेत पन्नासहून अधिक मृत्यू झाले. लाखो लोकांनी शहर सोडले. खासगी दवाखाने मोठ्या संख्येने बंद झाले आणि सारा भार शासकीय रुग्णालयावर पडला. हा हल्ला नव्हता. तरीही हल्ल्यात घडेल असे जे जे कल्पिले जाते, ते सर्व, म्हणजे निदानाविषयीचा वाद, औषधांचा तुटवडा, अफवा, पलायन आणि डॉक्टरांची अनुपस्थिती, तेथे घडले.

याहून बोलकी तुलना निपाह विषाणूची आहे. जानेवारी व फेब्रुवारी २००१ मध्ये सिलिगुडी येथे ६६ जण तापाने व मेंदूदाहाने आजारी पडले. त्यांतील बहुतेकांना संसर्ग रुग्णालयांतच झाला होता. तो निपाह होता, हे प्रसिद्ध झाले ते २००६ मध्ये. मे २०१८ मध्ये केरळातील कोळिकोड येथे एकाच कुटुंबातील व्यक्ती सारख्या लक्षणांनी आजारी असल्याचे तेथील डॉक्टरांच्या ध्यानात आले. नमुने मणिपाल येथे व पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेत पाठवण्यात आले आणि काही दिवसांतच निदान निश्चित झाले. तोपर्यंत रुग्णालयांत संसर्ग पसरला होता. रुग्णसेवा करणाऱ्या एका परिचारिकेसह १७ जणांचा मृत्यू झाला. परंतु साथ आटोक्यात आली. सिलिगुडीत पाच वर्षे लागली ते उत्तर कोळिकोडला काही दिवसांत मिळाले. मधल्या काळात काय बदलले, याचे उत्तर एका शंकेखोर डॉक्टरपासून प्रयोगशाळेपर्यंतच्या अखंड वाटेत आहे.

संस्थात्मक पातळीवर काही पावले निश्चितच पडली. एकात्मिक रोगनिरीक्षण प्रकल्प २००४ मध्ये सुरू झाला. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ मध्ये आला. जैविक आपत्तींच्या व्यवस्थापनाविषयीच्या मार्गदर्शक सूचना राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २००८ मध्ये प्रसिद्ध केल्या. आपत्कालीन वैद्यकशास्त्र या विषयाला भारतीय वैद्यक परिषदेने २००९ मध्ये पदव्युत्तर विषय म्हणून मान्यता दिली, आणि महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा २०१४ मध्ये सुरू झाली. २००८ च्या सूचनांनी नैसर्गिक साथ व हेतुपुरस्सर हल्ला यांचा विचार एकाच चौकटीत केला, ही त्यांची जमेची बाजू आहे.

मात्र सूचना आणि कॅज्युअल्टी यांच्यातील अंतर कायम आहे. आपल्याकडील पुष्कळ शासकीय रुग्णालयांत या विभागाची घडण अपघात व पोलीस प्रकरणे यांच्याभोवती झाली. तेथील डॉक्टरच्या वेळेचा मोठा भाग कायदेशीर नोंदींत जातो. रात्रपाळी अनेकदा इंटर्न व निवासी डॉक्टर सांभाळतात. केसपेपरवर व्यवसायाचा रकाना असतो, पण तो पुष्कळदा कोराच राहतो. पुण्यात ऑगस्ट २००९ मध्ये स्वाइन फ्लूने देशातील पहिला मृत्यू झाला, तेव्हा नायडू रुग्णालयासमोर तपासणीसाठी लागलेल्या रांगांत आजारी आणि केवळ घाबरलेले एकत्रच उभे होते. २०२० मध्ये कोविडच्या आरंभी संरक्षक पोशाखांची टंचाई याच विभागांनी सोसली.

६. एक आक्षेप

या विवेचनावर असा आक्षेप घेता येईल की, दैनंदिन सेवा सुधारली की सज्जता आपोआप येते, हे म्हणणे भाबडेपणाचे आहे. देवीची लस किंवा बोट्युलिझमवरील प्रतिविष कोणतेही रुग्णालय नित्याच्या गरजेसाठी ठेवणार नाही. हा आक्षेप योग्य आहे. विशिष्ट साठे राष्ट्रीय पातळीवर असलेच पाहिजेत, आणि सरावही आवश्यक आहेत. प्रश्न अग्रक्रमाचा आहे. साठा बाहेर काढण्यासाठी प्रथम कोणीतरी शंका घ्यावी लागते. सप्टेंबर २०१४ मध्ये अमेरिकेतील डॅलस शहरात इबोलाचा रुग्ण आपत्कालीन विभागात आला. तो पश्चिम आफ्रिकेतून आल्याची माहिती परिचारिकेपर्यंत पोहोचली होती. तरीही प्रतिजैविके देऊन त्याला घरी पाठवण्यात आले. तीन दिवसांनी तो परतला. ८ ऑक्टोबर रोजी त्याचा मृत्यू झाला आणि दोन परिचारिकांना संसर्ग झाला. तेरा वर्षांच्या तयारीनंतरही चूक त्याच जागी झाली, जेथे २००१ मध्ये झाली होती : मिळालेली माहिती आणि घेतलेला निर्णय यांच्या मधल्या जागी.

७. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१) जैविक हल्ला आणि नैसर्गिक साथ यांचे पहिले रूप आपत्कालीन विभागात सारखेच असते. म्हणून दोहोंसाठी वेगळी सज्जता उभारण्यापेक्षा एकच, रोज वापरात असलेली व्यवस्था अधिक भरवशाची ठरते.

२) रुग्णाचा व्यवसाय, प्रवास आणि घरात वा कामाच्या ठिकाणी इतर कोणी आजारी आहे काय, हे तीन प्रश्न प्रत्येक तापाच्या रुग्णाला विचारले जावेत. त्यांची उत्तरे कागदावर न राहता निर्णय घेणाऱ्यापर्यंत पोहोचावीत.

३) शंका आलेल्या डॉक्टरला रात्री-अपरात्री कोणाला कळवायचे, हे ठाऊक असावे, आणि शंका चुकीची ठरल्यास त्याला बोल लागू नये. त्याचप्रमाणे बाहेरच्या धोक्याची माहिती यंत्रणेकडून त्याच्याकडे तितक्याच तत्परतेने यावी.

४) संसर्गप्रतिबंधाचे नियम परिचारिका, वॉर्डबॉय आणि सफाई कर्मचारी यांच्यापासून सुरू व्हावेत. सिलिगुडी व कोळिकोड या दोन्ही ठिकाणी रोग पसरला तो रुग्णालयाच्या आतच.

५) सरावांच्या संहितेत रोगाचे नाव आधीच सांगितले जाऊ नये. ज्या सरावात निदानच करावे लागत नाही, तो आज्ञाशृंखलेची परीक्षा घेतो. आपत्कालीन विभागाची नाही.

सज्जतेचे मोजमाप गोदामातील वस्तूंच्या मोजणीने करणे सोपे असते, म्हणूनच ते रूढ झाले आहे. एका डॉक्टरला एका रुग्णासाठी मिळणारी मिनिटे मोजणे तितके सोपे नाही. परंतु १८९६ च्या मांडवीपासून २०१८ च्या कोळिकोडपर्यंत साथीचा पहिला सुगावा लागला तो याच मिनिटांत. ती मिनिटे आपत्कालीन विभागांना उपलब्ध करून देणे, म्हणजेच पुरेसे मनुष्यबळ, रिकाम्या खाटा व जवळची प्रयोगशाळा देणे, ही जैविक दहशतवादाविरुद्धची सर्वांत कमी दिखाऊ आणि सर्वांत आवश्यक तयारी होय. हल्ला कधीच झाला नाही, तरीही ही तयारी वाया जाणार नाही.